उष्णतेला उशीर करणारी भिंत

छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत एका परिचितांच्या कंपनीचं नवं ऑफिस उभं राहणार आहे. त्यांनी मोबाईलवर चित्र दाखवलं: तीन मजले, रस्त्याच्या अंगाने खालपासून वरपर्यंत निळसर काच, छतावर सोलर पॅनल. "एकदम ग्रीन बिल्डिंग करायलोत सर." मी विचारलं, रस्ता कोणत्या दिशेला? म्हणाले, पश्चिमेला.

त्या रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मे महिन्यात दुपारी साडेचारला पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला ५०० ते ६०० वॅट ऊन पडतं. साधी काच त्यातला जवळपास पाऊण हिस्सा आत सोडते. म्हणजे जेमतेम एका खोलीच्या भिंतीएवढ्या, १० चौरस मीटर काचेतून ४ किलोवॅटच्या आसपास उष्णता आत येते. एक टनाचा एसी साडेतीन किलोवॅटच्या दराने उष्णता बाहेर काढतो. तो अख्खा त्या काचेपायीच खर्ची पडतो, माणसं आणि कॉम्प्युटर अजून मोजलेलेच नाहीत. शिवाय आत आलेलं ऊन टेबल-खुर्च्या तापवतं, तापलेल्या वस्तू अवरक्त किरण सोडतात आणि हे लांब लहरींचे किरण काच परत बाहेर जाऊ देत नाही. उन्हात बंद करून ठेवलेल्या कारचं दार उघडलं की जी वाफ तोंडावर येते, ती याची आणि आत कोंडलेल्या हवेची.

छतावरचं सोलर वाईट नाही. पण आधी भोकं बुजवावीत, मग हौदात पाणी सोडावं.

आमच्या गावाकडचं, अंबाजोगाई तालुक्यातलं घर माळवदाचं होतं. दीड-पावणेदोन फुटांच्या दगडी भिंती, वर लाकडी सरे, फळ्या आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. भर उन्हाळ्यात दुपारी आत शिरलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि अंगाला गारवा लागायचा. रात्री मात्र सगळं उलटं. आत जीव गुदमरायचा, भिंतीला पाठ टेकवत नसे. मग आजीपासून सगळे वळकट्या घेऊन माळवदावर. हे असं का होत होतं, ते मला कॉलेजात उष्णतावहनाचं समीकरण शिकल्यावर कळलं, आणि तेव्हापासून भिंत हा माझा आवडता विषय आहे.

उष्णता दगडातून धावत नाही, पाझरते. दगडाचा प्रत्येक थर आधी स्वतः तापतो आणि मगच पुढच्या थराला देतो. तेवढ्यात संध्याकाळ होते, बाहेरची बाजू निवायला लागते आणि आत शिरलेली उष्णता दोन्हीकडे वाटली जाते. म्हणजे दिवस-रात्रीच्या तापमानाची एक लाट भिंतीत शिरते आणि शिरता शिरता विरत जाते. आपल्या काळ्या पाषाणात दर १६ सेंटिमीटरला या लाटेची उंची साधारण ३७ टक्क्यांवर येते आणि लाट पावणेचार तासांनी मागे पडते. माळवदाच्या घराची भिंत म्हणजे असे तीन टप्पे. दुपारी दोनची लाट आतल्या बाजूला रात्री दीडच्या सुमारास पोचते, तीही विसाव्या हिश्श्याएवढी होऊन. जाडी दुप्पट केली तर उशीर दुप्पट होतो, पण लाटेचा उरलेला हिस्सा वर्गाने घटतो: विसाव्याचा चारशेवा.

हेच गणित वर्षाच्या लाटेला, म्हणजे उन्हाळ्या-हिवाळ्याला लावा. काळ ३६५ पट झाला की लाट शिरण्याची खोली त्याच्या वर्गमूळाने, सुमारे १९ पटीने वाढते. १६ सेंटिमीटरचे ३ मीटर होतात. वेरूळच्या खडकात खोल गेलेल्या लेण्यांत मे महिन्यातही अंगावर गारवा येतो तो यामुळे. तिथे उन्हाळाच नीट पोचत नाही.

मग रात्री घरात गुदमरायचं का? लाट विरली तरी सरासरी विरत नाही. दुपारी ४१ अंश आणि पहाटे २५ असेल, तर जाड भिंतींची खोली तेहेतिसाच्या आसपास अडकून राहते. दुपारी बाहेरच्यापेक्षा थंड, रात्री बाहेरच्यापेक्षा गरम. घरात माणूस रात्री झोपतो, म्हणून ती पंचाईत. ऑफिसात रात्री कोण असतं? सकाळी नऊला यायचं आणि सहाला जायचं. जाड भिंतीचा जो दोष आजीला माळवदावर पाठवत होता, तो ऑफिसला लागूच होत नाही. उलट रात्रभर खिडक्या उघड्या टाकून ही सरासरीच खाली ओढता येते. मुंबईच्या दमट हवेत पहाटही फारशी उतरत नाही, तिथे हे जमणार नाही. मराठवाड्यात दिवस आणि रात्रीत पंधरा-सोळा अंशांचं अंतर पडतं, आणि ते आपण वापरत नाही याची मला मनापासून हळहळ वाटते.

पण दगड-मातीच्या भिंतींचं गुणगान मराठवाड्यात बसून सरळ करता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपात याच भिंती आणि हीच मातीची जड छतं झोपलेल्या माणसांवर आली. हजारो माणसं गेली. मातीत रचलेल्या दगडांना एकमेकांशी बांधून ठेवणारं काही नव्हतं. त्यामुळे वस्तुमान हवं, पण ते सांगाड्यात बांधलेलं हवं. सुदैवाने ते प्रत्येक आरसीसी इमारतीत असतंच: स्लॅब.

हिशोब बघा. १००० चौरस मीटरचा, १५ सेंटिमीटर जाडीचा स्लॅब म्हणजे ३६० टन काँक्रीट. ते एक अंशाने निवलं तर सुमारे ८८ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता बाहेर जाते. रात्रीच्या वाऱ्याने तीन अंश उतरवले तर २६४. दीड टनाचे सहा एसी आठ तास पूर्ण जोराने चालवून जेवढी उष्णता काढतील, साधारण तेवढीच. अट एकच, स्लॅब खोलीला दिसला पाहिजे. आपण मात्र त्याखाली हौसेने पीओपीचं फॉल्स सीलिंग ठोकतो आणि ३६० टनांची ही फुकटची कोठी कुलूपबंद करतो. गच्चीवर मात्र उलट करायचं: वरून उष्णतारोधक थर आणि त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक.

थंड छताखाली बसलेल्या माणसाला हवा थोडी गरम असली तरी चालते, कारण शरीर आपली उष्णता छताकडे किरणांनीही टाकत असतं. हैदराबादजवळ पोचारमला इन्फोसिसने एका इमारतीचे दोन सारखे भाग केले. एकात नेहमीचं वातानुकूलन, दुसऱ्यात स्लॅबमधल्या नळ्यांतून थंड पाणी. दुसऱ्या भागाला थंडाव्यासाठी जवळपास एक-तृतीयांश वीज कमी लागली.

परिचितांकडे वास्तुशास्त्राचे एक तज्ज्ञही येऊन गेले होते. नैर्ऋत्य जड ठेवा, नाहीतर धंद्यात खोट येईल, असं सांगून गेले. नैर्ऋत्येला जाड भिंत असावी हे इथे बरोबरच आहे, पण ते सूर्यामुळे. आपण २० अंश उत्तर अक्षांशावर आहोत, मेच्या तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी सावली पायाखाली जाते, तापवतो तो कलता पश्चिमेचा सूर्य. विषुववृत्ताच्या पलीकडे गेलं की दक्षिणेची जागा उत्तर घेते. ग्राहकाचा अक्षांश न विचारता त्याला धंद्याची भीती घालणं हे शास्त्र नव्हे.

डेझर्ट कूलरचंही विचारलं परिचितांनी. कोरड्या हवेत तो उत्तम चालतो, पण एक लिटर पाणी उडून गेलं की जेमतेम दोन-तृतीयांश युनिट उष्णता जाते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा प्रदेशात रोज हजारो लिटर पाणी हवेत सोडायला माझं मन धजत नाही.

नव्या आराखड्यात पश्चिमेला जिना, स्वच्छतागृहं आणि सामानाची खोली गेली आहे. काच उत्तरेला, दक्षिणेला अडीच फुटी छज्जे. मेच्या शेवटी आणि पावसाळ्यातल्या दमट दिवसांत एसी लागेलच, पण निम्मे पुरतील असं वाटतं. डासांच्या जाळ्या बसवलेल्या खिडक्या रात्री दहाला उघडून सकाळी सातला बंद कोणी करायच्या, मोटरने की वॉचमनने, यावर अजून बोलणं चालू आहे. मला वॉचमनच बरा वाटतो. वळवाच्या पावसाचा वास त्याला आधी येतो.