१०४२ क्रमांकाची दोन पुस्तकं

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं एखादं गावचं वाचनालय डोळ्यांसमोर आणा. जाडजूड दाखल नोंदवह्या, पुस्तकांच्या पाठीवर चिकटवलेले क्रमांक, मराठी कथा-कादंबऱ्यांशेजारी देवनागरी आणि रोमी अशा दोन्ही लिप्यांतली कोंकणी पुस्तकं, शिवाय कुणा जुन्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, घरून आलेला पोर्तुगीज पुस्तकांचा एक खण. हे सगळं आता संगणकावर चढलंय. भेट आलेल्या पुस्तकांच्या क्रमांकामागे ‘भे’ लावायची पद्धत असल्यामुळे दाखल क्रमांकाचा रकाना निव्वळ आकड्यांचा नाही, मजकुराचा आहे. एक क्रमांक एकाच पुस्तकाला, हा नियमही डेटाबेसला, म्हणजे नोंदी सांभाळणाऱ्या प्रणालीला, घालून दिलाय. डेटाबेसवाल्यांच्या बोलीत हा रकाना ‘युनिक’. आणि वार्षिक मोजणीसाठी यादी छापली, तर १०४२ दोनदा!

ग्रंथपालबाई म्हणणार, संगणक बिघडला. प्रणाली बसवणारा म्हणणार, तुम्ही चुकीचं भरलंत. हा वाद मिटवायचा तर आधी एकच गोष्ट विचारायची: हे दोन क्रमांक सारखे कुणाला दिसतायत? माणसाच्या डोळ्यांना, की यंत्रालासुद्धा? पुढची सगळी वाट या उत्तरावर फुटते.

संगणकाला अक्षर दिसत नाही, अक्षराचा क्रमांक दिसतो. युनिकोड या जागतिक तक्त्यात देवनागरी १ चा क्रमांक २४०७ आहे, इंग्रजी आकड्यांतल्या एकचा ४९. एकाने मराठी कळफलक ठेवून १०४२ टंकलं आणि दुसऱ्याने इंग्रजी कळफलकावर, तर आपल्या लेखी क्रमांक एकच. डेटाबेसच्या लेखी त्या दोन मजकुरांचा एकमेकांशी सहसा काहीही संबंध नाही. शिवाय काही फॉन्ट आणि छपाईचे प्रोग्राम इंग्रजी आकडे परस्पर देवनागरी वळणात दाखवतात, त्यामुळे कागदावर फरक शोधू गेलात तर सापडतही नाही. सापडतो तो मोजल्यावर. यूटीएफ-८ या साठवणपद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट (साठवणीचं माप) घेतं, इंग्रजी आकडा एक. म्हणजे दोन्ही १०४२ चार अक्षरांचे, पण एक १२ बाइटांचा आणि दुसरा चारचा. अक्षरांची लांबी आणि बाइटांची लांबी शेजारी शेजारी छापून घेणं, ही या तपासातली पहिली आणि सगळ्यात स्वस्त चाचणी. पाच अक्षरं निघाली, तर बहुधा शेवटी रिकामी जागा चिकटलेली असते. वेबपानावरून किंवा वर्डमधून उचललेल्या मजकुरात तर ‘न तुटणारी जागा’ येते, क्रमांक १६०. दिसायला साध्या जागेसारखीच, पण साध्या जागा छाटणाऱ्या आज्ञेला ती बहुधा दाद देत नाही.

मराठीची स्वतःची खोडी याहून नामी आहे. ‘कुऱ्हाड’ हा शब्द घ्या. त्यातला अर्धा ऱ संगणकात तीन रीतींनी उतरू शकतो. पहिली रीत, ऱ हे स्वतंत्र अक्षर (२३५३) आणि त्याला हलन्त. दुसरी, साधा र (२३५२), त्याखाली नुक्ता म्हणजे ठिपका (२३६४) आणि मग हलन्त. तिसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे ८२०५ क्रमांकाचं एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तिन्ही कुऱ्हाडी एकाच धारेच्या. मोजल्या तर पहिली २१ बाइटांची, उरलेल्या दोन्ही २४. यातल्या पहिल्या दोन रीती समान मानायच्या, असं युनिकोडनेच ठरवून दिलंय. मजकुराचं ‘सामान्यीकरण’ केलं की दोन्हींचं रूप एक होतं. तिसरी मात्र त्या चाळणीतून जशीच्या तशी बाहेर पडते, कारण नियमाच्या दृष्टीने जोडचिन्ह हा मजकुराचाच भाग. एखादी प्रणाली ‘आम्ही युनिकोड सामान्यीकरण करतो’ असं छातीठोकपणे सांगते तेव्हा मी आधी तिच्यात ‘कुऱ्हाड’ टाकून पाहतो. मराठीसाठी बनवलेल्या प्रणालीत हे जोडचिन्ह वेगळं हाताळावंच लागतं, आणि ते काम इंग्रजीत विचार करणाऱ्या कुणाला आपणहून सुचत नाही.

गोव्यात याच दुखण्याची पोर्तुगीज आवृत्तीही भेटते. कॉन्सेसांव हे नाव पोर्तुगीज वळणाने लिहिलं, तर सीखाली शेपूट आणि एवर लाट येते. शेपटीची सी तक्त्यात २३१ क्रमांकावर आयती आहे. पण ९९ क्रमांकाची साधी सी आणि तिच्यामागे ८०७ क्रमांकाची सुटी शेपूट अशीही ती लिहिता येते. सभासदांच्या यादीत एकच कॉन्सेसांव दोनदा सापडण्याचं हे एक कारण. इथे निदान सामान्यीकरणाने काम भागतं. ‘नाईक’ आणि पोर्तुगीज अमदानीतल्या कागदावरचं क्यू-यू-ई ने संपणारं ‘नाईक’ एकाच घरातलं आहे का, हे मात्र कुठलीही चाळणी सांगणार नाही; त्यासाठी वाड्यावरच्या माणसालाच विचारावं लागतं. म्हणूनच नाव हा रकाना युनिक करण्याचा विचार कुणी मांडला, तर तो तिथेच थांबवावा.

उलटा प्रकारही घडतो, म्हणजे माणसाला वेगळं दिसणारं यंत्राला सारखं वाटतं. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या काही जुन्या तुलना-नियमांत सगळ्या इमोजींना एकच वजन होतं, त्यामुळे सुशीचं चित्र आणि बियरच्या मगाचं चित्र तिथे ‘समान’ ठरत. जपानी प्रोग्रामरांनी त्यावर डोकंही धरलं आणि विनोदही केले.

आता दुसरी वाट. बाइटन् बाइट तपासला आणि दोन्ही क्रमांक खरोखरच तेच निघाले. मग नियम होता तरी का, हे पाहायचं. ऐकायला बाळबोध वाटेल, पण कितीतरी ठिकाणी ‘युनिक’ हा नियम डेटाबेसमध्ये नसतोच; तो वरच्या प्रोग्राममध्ये असतो, नाहीतर फक्त करणाऱ्याच्या मनात. प्रोग्राम आधी विचारतो, ‘१०४२ आहे का?’ उत्तर ‘नाही’ आलं की लिहितो. गणेशचवथीच्या आधी नव्या पुस्तकांचे गठ्ठे आले आणि दोन टेबलांवर दोघे स्वयंसेवक नोंदी करायला बसले, की दोघांच्याही संगणकाने एकाच क्षणी विचारलं, दोघांनाही ‘नाही’ मिळालं आणि दोघांनीही लिहून टाकलं. ‘आतापर्यंतचा सर्वांत मोठा क्रमांक अधिक एक’ या हिशेबाने नवा क्रमांक काढणाऱ्या प्रणाल्या हमखास इथे आपटतात. तपासणं आणि लिहिणं यांच्यामध्ये काही हजारांश सेकंदांची फट असते, तेवढी पुरते. नियम डेटाबेसच्या आत असेल, तर दुसऱ्या लिहिणाऱ्याला पहिल्याचं लिहिणं पुरं होईपर्यंत ताटकळावं लागतं आणि मग नकार मिळतो. माझ्या मते प्रोग्राममधली तपासणी ही नोंद करणाऱ्याला गोड भाषेत सूचना देण्यापुरती ठेवावी. राखण डेटाबेसनेच करायची.

रिकाम्या रकान्यांचं थोडक्यात. आयएसबीएन या पुस्तकक्रमांकाचं मानक १९७० चं, तेव्हा त्याआधीच्या मराठी पुस्तकांना तो नाहीच. एसक्यूएल या डेटाबेसशी बोलायच्या भाषेच्या हिशेबी ‘माहीत नाही’ हे दुसऱ्या ‘माहीत नाही’च्या बरोबरीचं नसतं, म्हणून युनिक रकान्यातही बहुतेक डेटाबेस अशा कितीही जागा मोकळ्या ठेवू देतात, मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर मात्र एकच देतो. दुसरी गोम अशी की २००७ पासून आयएसबीएन दहाऐवजी तेरा अंकी झाला. तेव्हा ८१ ने सुरू होणारा जुना भारतीय क्रमांक आणि ९७८-८१ ने सुरू होणारा नवा, हे दोन्ही एकाच पुस्तकाचे असू शकतात, आणि शेवटचा तपासणी अंकही बहुधा बदललेला असतो.

उरतो तो सगळ्यात चक्रावणारा प्रकार: नियम डेटाबेसमध्ये आहे, तो चालू आहे, मजकूर बाइटन् बाइट तोच आहे, आणि तरीही दोन नोंदी आहेत.

हे समजायला नियम पाळला कसा जातो ते पाहावं लागतं. नवी नोंद आली की डेटाबेस सगळ्या जुन्या नोंदी चाळत बसत नाही. त्याच्याकडे क्रमवार लावलेला इंडेक्स, म्हणजे सूची, असतो. त्याची नेहमीची रचना म्हणजे बी-ट्री. रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्राइट यांनी बोइंगच्या संशोधन विभागात असताना १९७० च्या सुमारास ती मांडली. वरच्या पानावर ‘याच्या आधीचे डावीकडे, नंतरचे उजवीकडे’ अशा खुणा, त्यांच्या आधाराने खालचं पान. लाखो नोंदींतही तीन-चार पानांत नेमकी जागा गाठता येते. त्या जागी तो क्रमांक आधीच असेल तर नकार, नसेल तर प्रवेश. शेजारच्या पानावर डोकावायची पद्धत नाही. सगळी भिस्त एकाच गृहीतावर: क्रम काल होता तोच आज आहे.

आणि क्रम बदलू शकतो. शाळेत आपण ळ हा ह नंतर म्हटला, क्ष आणि ज्ञ सगळ्यांच्या शेवटी. कित्येक शब्दकोशांत मात्र क्ष हा क च्याच पोटात सापडतो, आणि युनिकोडच्या तक्त्यात तर ळ चक्क ल च्या पाठोपाठ बसलाय. यातला कुठलाच क्रम चूक नाही. फक्त एका क्रमाने लावलेल्या यादीत दुसऱ्या क्रमाने शोधायला जाऊ नये.

नेमकं तेच २०१८ नंतर जगभर घडलं. सर्व्हरवर सर्रास चालणाऱ्या लिनक्स या कार्यप्रणालीत अक्षरांचा क्रम ठरवण्याचं काम जीलिबसी नावाचं एक पायाभूत ग्रंथालय करतं. प्रोग्रामांच्या जगात ग्रंथालय म्हणजे वापरायला तयार आज्ञांचा संच. ऑगस्ट २०१८ मध्ये आलेल्या त्याच्या २.२८ या आवृत्तीने क्रमाचे तक्ते नव्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार बदलले. पोस्टग्रेस हा लोकप्रिय डेटाबेस मजकुराच्या क्रमासाठी सहसा याच ग्रंथालयावर विसंबतो. आधीच्या आवृत्तीत ११ आधी येई आणि १-१ नंतर (आकडे इंग्रजी धरा). नव्या आवृत्तीत १-१ आधी, ११ नंतर. एवढासा फरक, पण आडव्या रेघेचे क्रमांक कुठे नसतात? कपाट-पुस्तक क्रमांक, घर क्रमांक, जीए-०७ ने सुरू होणाऱ्या गाड्यांचे क्रमांक. कुणी सर्व्हर डेबियन ९ वरून १० वर नेला, कुणी रेड हॅट ७ वरून ८ वर; या लिनक्सच्याच दोन जाती. डेटाबेसच्या फाइली तशाच राहिल्या. इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेला, शोध नव्या क्रमाने. आधीपासून असलेला क्रमांक पुन्हा आला, डेटाबेस नव्या नियमाने भलत्याच पानावर पोचला, तिथे तो क्रमांक दिसला नाही, आणि दुसऱ्या नोंदीला मुकाट प्रवेश मिळाला. इशारा नाही, बिघाडाचा निरोप नाही.

यातली खरी मेख पुढे आहे. दुहेरी नोंदी शोधायला तुम्ही डेटाबेसलाच विचारता, ‘कुठले क्रमांक एकाहून जास्त वेळा आहेत?’ आणि तो उत्तर काढायला तोच बिघडलेला इंडेक्स वापरू शकतो. तो म्हणतो, एकही नाही! म्हणून ही चौकशी इंडेक्सचा वापर बंद करून, नोंदींचा मूळ तक्ता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायला लावून करायची. पोस्टग्रेसमध्ये तशी सोय आहे, शिवाय इंडेक्सचा क्रम जागेवर आहे का हे तपासणारं ‘अ‍ॅमचेक’ हे साधनही सोबत मिळतं.

दुरुस्तीला हात घालण्याआधी नव्या नोंदी थांबवायच्या आणि सगळ्याची प्रत बाजूला ठेवायची. दुसरी ओळ पुसून मोकळं होण्याचा मोह फार होतो, पण वाचनालयात १०४२ ची दोन खरीखुरी, वेगवेगळी पुस्तकं फळीवर असू शकतात. अशा वेळी एकाला नवा क्रमांक देऊन पाठीवरची चिठ्ठी बदलायची असते. पुस्तक खरंच एकच असेल, तर पुसायच्या नोंदीला लटकलेली देवघेव आधी राहणाऱ्या नोंदीकडे वळवावी लागते, नाहीतर कुणा सभासदाच्या नावावरचं पुस्तक हवेत राहतं. आकडे, रिकाम्या जागा आणि ऱ यांचं एकच रूप ठरवून सगळ्या जुन्या नोंदी त्यात आणायच्या, आणि नवी नोंद दारातच त्या रूपात बदलेल अशी तजवीज करायची. इंडेक्स नव्याने बांधणं सगळ्यात शेवटी. एखादी जोडी नजरेतून सुटली असेल, तर डेटाबेस बांधायला नकार देतो आणि सुटलेला क्रमांक नावानिशी दाखवतो.

पोस्टग्रेस १५ व्या आवृत्तीपासून अख्ख्या डेटाबेसच्या क्रमनियमाची आवृत्ती टिपून ठेवतो आणि ती जुळली नाही तर बजावतो. २०२४ च्या १७ व्या आवृत्तीत तर युनिकोड तक्त्याच्या क्रमाने तुलना करणारा स्वतःचा अंगभूत नियमच आला, म्हणजे लिनक्स बदललं तरी तो हलत नाही. दाखल क्रमांकासारख्या रकान्याला असा नियम लावलेला बरा. त्या रकान्यात ळ कुठे पडतो याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. शीर्षकांच्या आणि लेखकांच्या यादीला मराठी क्रम हवाच, आणि तो बदलला की त्या रकान्यांचा इंडेक्स पुन्हा बांधायचा.