कागदावरचा पियानो आणि चर्चमधली साथ, हे दोन रस्ते फुटले कधी?

आमच्या गावच्या चर्चमध्ये पहिल्यांदा कीबोर्डवर बसलो तेव्हा नागपूरला जाऊन पियानोच्या दोन ग्रेड पास झालो होतो, नोटेशन समोर होतं, सी मेजर, म्हणजे पांढरी एकची पट्टी, पक्का होता, आणि गाणाऱ्या काकांनी डोळे मिटून थेट काळी एकमध्ये सुरुवात केली. अर्ध्या सुराचा फरक, अख्खं कडवं बेसूर गेलं. नंतर काका रागावले नाहीत, एवढंच म्हणाले, "बाबू, कागद कायले पायतं, माह्या तोंडाकडं पाय ना."

तेव्हा वाटलं की पाश्चात्त्य क्लासिकल म्हणजे कागद आणि चर्च म्हणजे अंदाज. पण इतिहास बघितला तर तसं नाहीच आहे. जर्मन संगीतकार बाखच्या काळात कीबोर्डवाल्याला बरेचदा फक्त खालचा सूर आणि त्यावर आकडे लिहून मिळायचे, कॉर्ड कसे भरायचे ते त्याने जागेवर ठरवायचं. 1747 मध्ये पॉट्सडॅमला प्रशियाच्या राजा फ्रेडरिकने दिलेल्या धुनेवर बाखने तिथल्या तिथे तीन आवाजांचा फ्यूग, म्हणजे एकच धून एकामागून एक आवाजाने उचलायची अशी रचना, वाजवला, तोही राजाच्या नव्या पियानोवर! मोझार्ट, बीथोव्हेन हेही मैफलीत मनाने वाजवायचे. मग 1809 च्या पाचव्या पियानो कॉन्चेर्टोत (पियानो आणि ऑर्केस्ट्राची रचना) बीथोव्हेननेच लिहून ठेवलं की इथे स्वतःचा कॅडेन्झा, म्हणजे वादकाने एकट्याने मनाने वाजवायचा तुकडा, वाजवू नका, मी दिलंय तेच वाजवा. पुढे छापील नोटेशन घरोघरी पोचलं, संगीताच्या शाळा निघाल्या, परीक्षा आल्या, आणि रचनाकाराने लिहिलेला सूर न् सूर पाळणं हेच चांगल्या वादकाचं माप झालं. चर्चच्या ऑर्गनवाल्यांनी मात्र मनाने वाजवणं सोडलं नाही, कारण प्रार्थना किती वेळ चालेल हे कोणत्याच कागदावर लिहिलेलं नसतं.

आपल्याकडची गोष्ट अजून वेगळी. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले, मिशनसोबत इंग्रजी चालीची गीतं आली. पण मराठी मंडळीच्या गळ्यात बसली ती अभंगाची, भजनाची चाल, आणि त्यात रेव्हरंड ना. वा. टिळकांचा वाटा फार मोठा, 1895 ला बाप्तिस्मा घेतलेला हा कवी कीर्तनातूनही ख्रिस्त सांगायचा. साथीला पेटी. हार्मोनियम मूळ पॅरिसची, पण एका हाताने भाता मारायची पेटी कलकत्त्यात तयार झाली, त्यामुळे वाजवायला उरला एकच हात, आणि तो गाणाऱ्याच्या मागे मागे जाणारा. माझ्या मते आमच्या गावातल्या चर्चचं वाजवणं समजून घ्यायचं तर हा एक हात आधी समजला पाहिजे.

म्हणून पियानो शिकलेल्या पोराचा डावा हात इथे नडतो. पुस्तकात तो सतत चालता असतो, चर्चमध्ये ढोलक आहे, टाळ्या आहेत, तिथे दोन सूर धरून गप्प बसावं लागतं. ध्रुवपद तीनदा येईल की सातदा ते गाणारा ठरवतो. पाळकसाहेब प्रार्थनेला उभे राहिले की मी फक्त सा आणि प दाबून ठेवतो, आवाज अगदी कमी, आणि त्यांचा श्वास ऐकत राहतो, "आमेन"च्या आधी ते नेहमी थोडे थांबतात, तेवढ्यात पुढच्या गीताची पट्टी धरायची.

बाख मी अजूनही रोज सकाळी वाजवतो, नोटेशन पाहूनच. शनिवारी रात्री मात्र एकच गीत पांढरी एक, काळी एक आणि काळी दोन अशा तीन पट्ट्यांत, लाइट बंद करून.