म्युझिक व्हिडिओचं कोर्सवर्क आणि रेप्रेझेंटेशनचा सिद्धांत: उशिरा जमलेल्या जोडीची पार्श्वभूमी

ब्रिटनमध्ये ए-लेव्हलला (शाळेच्या शेवटच्या टप्प्यातल्या परीक्षेला) मीडिया स्टडीज घेतलेल्या विद्यार्थ्याने म्युझिक व्हिडिओचा प्रकल्प निवडला की त्याच्या टिपणात दोन नावं हमखास येतात: सिनेमातल्या नजरेवर लिहिणाऱ्या लॉरा मल्व्ही आणि म्युझिक व्हिडिओचे अभ्यासक अँड्र्यू गुडविन. 2017 पासून शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमात नावानिशी नेमलेले 19 सिद्धांत आहेत आणि त्यांत हे दोघंही नाहीत. रेप्रेझेंटेशनच्या, म्हणजे माध्यमं माणसांना आणि समूहांना कसं दाखवतात या विषयाच्या, खात्यावर तिथे स्टुअर्ट हॉल, डेव्हिड गॉन्टलेट, लीस्बेट व्हॅन झूनन, बेल हुक्स, ज्युडिथ बटलर आणि पॉल गिलरॉय आहेत. मल्व्ही आणि गुडविन वर्गात टिकून राहिले ते काहीसे सवयीने, पण काहीसे गरजेपोटीही. ही गरज समजायची तर व्हिडिओचा इतिहास आणि सिद्धांताचा इतिहास वेगवेगळा पाहावा लागतो, कारण बराच काळ त्यांची गाठच पडलेली नव्हती.

गाण्याला चित्र जोडून विकण्याचा धंदा एमटीव्हीच्या चाळीसेक वर्षं आधीचा. 1940 मध्ये शिकागोच्या मिल्स नॉव्हेल्टी कंपनीने पॅनोराम नावाचं यंत्र आणलं. बारमध्ये ठेवलेल्या या कपाटात 16 मिमी फिल्मचं रीळ फिरायचं. दहा सेंटचं नाणं टाकलं की सुमारे तीन मिनिटांचं एक गाणं दिसायचं. रिळावर आठ गाणी असत आणि ती ओळीनेच लागत, आवडीचं निवडायची सोय नव्हती. या फिल्म्सना ‘साउंडीज’ म्हणत आणि त्यांत कृष्णवर्णीय गायक-वादक बऱ्याच संख्येने दिसतात. 1960 मध्ये फ्रान्समध्ये स्कोपिटोन हे तशाच प्रकारचं यंत्र आलं, रंगीत चित्रांसह. 1966 मध्ये बीटल्सनी दोन गाण्यांच्या प्रचारफिल्म्स करून घेतल्या, म्हणजे प्रत्येक टीव्ही स्टुडिओत स्वतः हजर राहायला नको. 1975 मध्ये ‘बोहेमियन रॅप्सडी’साठी क्वीनने ब्रूस गावर्सकडून व्हिडिओटेपवर चित्रण करून घेतलं, तेही ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या टीव्ही कार्यक्रमासाठी. म्हणजे हा प्रकार जन्मला तो गायकाचा बदली म्हणून, आणि तो पहिल्यापासून जाहिरातच होता. विद्यार्थी हे विसरतात. व्हिडिओला लघुपट समजून पटकथा लिहितात आणि तीन मिनिटांत गायक जेमतेम चार वेळा दिसतो.

1 ऑगस्ट 1981 ला एमटीव्ही सुरू झालं. व्हिडिओ रेकॉर्ड कंपन्या पुरवत, चॅनलने रॉक रेडिओचा साचा उचलला होता आणि त्या साच्यात कृष्णवर्णीय संगीत जवळजवळ बसतच नव्हतं. 1983 मध्ये डेव्हिड बोवीने त्याच चॅनलच्या मुलाखतीत सूत्रसंचालक मार्क गुडमनला विचारलं, की इथे कृष्णवर्णीय कलाकार इतके कमी का दिसतात. फक्त न्यू यॉर्क आणि लॉस एंजेलिसचा विचार करून चालत नाही, मिडवेस्टमधल्या प्रेक्षकाचाही करावा लागतो, असा गुडमनच्या उत्तराचा रोख होता. त्याच वर्षी मायकेल जॅक्सनचं ‘बिली जीन’ चॅनलवर वारंवार लागू लागलं. साउंडीजमध्ये दिसणारे चेहरे चाळीस वर्षांनी गायब झाले ते पैसे कोण देतो आणि प्रेक्षक कोण धरला आहे या हिशेबातून. म्हणून रेप्रेझेंटेशनवर लिहिताना फ्रेममध्ये कोण आहे एवढंच सांगून भागत नाही. फ्रेम कुठे लागणार होती, हेही लिहावं लागतं.

आता दुसरी वाट. ब्रिटनच्या वर्गांत माध्यमांचा विषय शिरला तो संशयातून. 1933 मध्ये एफ. आर. लीव्हिस आणि डेनिस थॉम्पसन यांनी शाळांसाठी जे पुस्तक लिहिलं, त्याचा हेतू मुलांना जाहिराती आणि स्वस्त लोकप्रिय वाचनापासून सावध करणं हा होता. 1964 मध्ये रिचर्ड हॉगार्टनी बर्मिंगहॅम विद्यापीठात समकालीन संस्कृतीच्या अभ्यासाचं केंद्र काढलं आणि पुढे हॉल त्याचे संचालक झाले. 1973 च्या निबंधात हॉलनी टीव्हीचा संदेश कसा घडवला जातो आणि प्रेक्षक तो कसा उलगडतो हे मांडलं: कोणी तो तसाच स्वीकारतो, कोणी काही मानून काही नाकारतो, कोणी उलटा वाचतो. 1997 मध्ये ओपन युनिव्हर्सिटीच्या पाठ्यपुस्तकात ते 1988 च्या ऑलिम्पिकमधल्या 100 मीटर शर्यतीच्या एका छायाचित्रावर थांबतात. बेन जॉन्सन जिंकताना दिसतो, पण उत्तेजक द्रव्यामुळे पदक गेल्यानंतर ते चित्र छापलं गेलं होतं. एकाच चित्राचे दोन अर्थ निघतात, आणि कुठला ठसवायचा हे शेजारचा मजकूर ठरवतो.

हॉलच्या पुढ्यात टीव्ही आणि छापील चित्र होतं. मल्व्हीच्या पुढ्यात हॉलिवूडचा कथापट. 1975 मध्ये ‘स्क्रीन’ नियतकालिकात आलेल्या निबंधात त्यांनी तीन नजरा वेगळ्या केल्या: कॅमेऱ्याची, प्रेक्षकाची आणि पडद्यावरच्या पात्रांची. त्यांचा दावा असा, की कथापट पहिल्या दोन नजरा दडवतो आणि तिसरीच्या आडून स्त्रीकडे पाहायला लावतो. म्युझिक व्हिडिओत मात्र गायिका सरळ भिंगात पाहते. कॅमेरा दडलेलाच नसतो, कथेचं पांघरूण विरळ असतं. म्हणून ‘क्लोज-अप आहे, म्हणून मेल गेझ (पुरुषी नजर) आहे’ हे वाक्य मल्व्हीच्या मांडणीतही बसत नाही. चांगला मार्ग कंटाळवाणा आहे: एका व्हिडिओचे सलग वीस शॉट घ्यावेत आणि प्रत्येकापुढे कोण पाहतंय, कोणाकडे, शरीराचा किती भाग फ्रेममध्ये आहे, शॉट किती सेकंदांचा आणि त्यात कृती कोण करतंय, हे लिहावं. भिंगात पाहणारे शॉट आणि नजर वळवलेले शॉट वेगळे मोजले की बहुतेक वेळा पहिल्या समजुतीपेक्षा वेगळंच काही हाती येतं. बेल हुक्सनी 1992 मध्ये दाखवलेली फट इथेच आहे: पडद्यावरची गोरी नायिका आणि तिच्याकडे पाहणारा पुरुष, या दोघांतल्या कोणाशीही एकरूप न होता टीकेच्या नजरेने पाहणारी कृष्णवर्णीय स्त्री मल्व्हीच्या मांडणीत नव्हती.

दोन वाटा एकत्र आल्या त्या 1980 च्या दशकात. 1987 मध्ये ई. अ‍ॅन कॅप्लननी एमटीव्हीवर पुस्तक लिहिलं, पण त्यात हत्यारं मुख्यतः सिनेमाच्या सिद्धांताची. 1992 मध्ये गुडविननी आक्षेप घेतला, की हे सगळे अभ्यासक व्हिडिओ पाहतात, ऐकत नाहीत. चित्र गाण्याचं नुसतं दृश्यरूप देतं, त्यात भर घालतं, किंवा त्याच्याशी फारकत घेतं, हे त्यांचे तीन प्रकार वर्गात लोकप्रिय झाले. यांतला तिसरा सर्वांत अवघड आणि सर्वांत गैरवापर झालेला. हॉलच्या छायाचित्रात अर्थ मजकूर ठसवतो. व्हिडिओत ते काम शब्द आणि ताल करतात. शब्द एक म्हणतात आणि चित्र दुसरं दाखवतं, तेव्हा त्या विसंगतीतून काही अर्थ निघायला हवा. नुसतं असंबद्ध चित्र लावून ‘फारकत’ म्हटलं की परीक्षक ओळखतो.

परीक्षेचे नियमही बदलत गेले, आणि जुन्या नोट्स आंधळेपणाने वापरणाऱ्यांना इथेच फटका बसतो. ओसीआर या परीक्षा मंडळाच्या जुन्या जी-324 घटकात विद्यार्थी चारपर्यंतच्या गटात अल्बमचं प्रचारसाहित्य करत: व्हिडिओ मुख्य, शिवाय वेबसाइटचं मुखपृष्ठ, डिजिपॅकचं (सीडीच्या पुठ्ठ्याच्या पाकिटाचं) कव्हर आणि मासिकातली जाहिरात यांपैकी दोन. 100 पैकी 20 गुण संशोधन-नियोजनाला, 60 निर्मितीला, 20 मूल्यमापनाला. नव्या रचनेत कोर्सवर्कचा वाटा 30 टक्के आहे, काम एकट्याने करायचं आहे आणि लांबलचक मूल्यमापनाच्या जागी चित्रणाआधीच लिहायचं सुमारे 500 शब्दांचं हेतुपत्र आलं. मित्र अभिनय करू शकतात, कॅमेराही धरू शकतात, पण सूचना परीक्षार्थीच्याच हव्यात आणि कोणी काय केलं याची नोंद फॉर्मवर हवी. ब्रीफ, म्हणजे काय करायचं ते सांगणारा कागद, मंडळाकडून दरवर्षी येतं. लांबी, प्रेक्षकगट आणि किती लोकेशन-पात्रं हवीत हे गेल्या वर्षीच्या कागदावरून धरू नये.

500 शब्दांत सहा सिद्धांत कोंबणं ही नेहमीची चूक. दोन पुरतात, अट एवढीच की प्रत्येकाला व्हिडिओतली ठरावीक जागा दिलेली असावी. बटलरचं उदाहरण घ्या. 1990 च्या त्यांच्या मांडणीत लिंगभाव ही पुन्हा पुन्हा केलेल्या कृतींतून घडणारी गोष्ट आहे. गायकाने एकदा वेश बदलला म्हणजे ती दिसली असं होत नाही. गाण्याची रचना इथे फुकटची मदत करते, कारण ध्रुवपद तीनदा येतं. तोच हावभाव पहिल्या ध्रुवपदात एकाने, दुसऱ्यात दुसऱ्याने केला आणि तिसऱ्यात अर्धवट सोडला, तर आवृत्तीतून घडणं आणि मोडणं दोन्ही संकलनात दिसतं. हॉल वापरायचे तर रूढ साचा उलटा करून थांबू नये. ‘कणखर स्त्री, रडका पुरुष’ हाही साचाच, फक्त भूमिका बदललेल्या.

हे सगळं कागदावर नीट असूनही गुण जातात ते ओठ आणि आवाज जुळत नाहीत म्हणून. मग परीक्षकाला रेप्रेझेंटेशन दिसायच्या आधी चूक दिसते. गायकाचं चित्रण तुकड्यांत करू नये. पूर्ण गाणं निदान तीनदा, लाँग, मीडियम आणि क्लोज-अपमध्ये, स्पीकरवर मोठ्याने लावून घ्यावं आणि कॅमेऱ्याचा आवाज चालू ठेवावा, म्हणजे जुळवायला खूण राहते. गायकाने खरंच गावं. नुसते ओठ हलवले तर गळा आणि छाती स्थिर राहून खोटेपणा उघडा पडतो. सेकंदाला 25 फ्रेमच्या चित्रणात एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची. दोन-तीन फ्रेमची चूकही ‘प’, ‘ब’, ‘म’ या ओठ मिटणाऱ्या अक्षरांवर कळते. ब्रिटनमधली वीज 50 हर्ट्झची असल्याने शटर 1/50 सेकंदावर ठेवलं तर दिव्यांची लुकलुक टळते. संथ गतीत गाताना दाखवायचं असेल तर गाणं दुप्पट वेगाने लावून 50 फ्रेमवर चित्रण करावं आणि 25 वर वाजवावं, ओठ मूळ गाण्याला जुळतात.

मिनिटाला 120 बीटच्या गाण्यात चार ठोक्यांचा एक आवर्त दोन सेकंदांचा, म्हणजे नेमका 50 फ्रेमचा. प्रत्येक ठोक्यावर कट मारला की तिसऱ्या आवर्तापर्यंत डोळा कंटाळतो. आवर्ताच्या सुरुवातीला थोडे कट ठेवून बाकीचे हालचालीवर सोडावेत. फोनचं चित्रण बदलत्या फ्रेमरेटचं असतं, त्यामुळे सुरुवातीला जुळलेलं गाणं शेवटाकडे घसरतं. संकलनापूर्वी सगळं स्थिर 25 फ्रेममध्ये रूपांतरित करून घ्यावं. आणि जुळणी तपासताना ब्लूटूथ हेडफोन नकोत: त्यांत आवाज उशिरा पोचतो, विद्यार्थी त्या उशिरालाच जुळवून ठेवतो आणि परीक्षकाच्या स्पीकरवर तीच जुळणी चुकीची निघते.