रविवारचा ट्रेक आणि रेंज ऑफिसचा कागद : गोव्यातली पार्श्वभूमी

पणजी, म्हापसा, फोंडा किंवा मडगावहून रविवारी पंधरा-वीस जणांना घेऊन रानात जायचं, तर आज पहिला फोन वनखात्याच्या रेंज ऑफिसात जातो. माणसं किती, वाट कुठली, आत किती वाजता जाणार, बाहेर कधी येणार, गावचा गाईड कोण, ओळखपत्रं सगळ्यांची आहेत का, हे आधी लिहून द्यायचं. ते मार्गी लागलं की बस ठरते आणि डबे कोण आणणार ते ठरतं. दोन दिवसांचा, रात्री तंबूत राहायचा बेत असेल तर बहुतेक गट गोव्याबाहेरचीच जागा शोधतात. हे असं का झालं, याचं उत्तर बरंचसं १९९९ नंतरच्या घडामोडींत आहे. त्याआधीचं थोडक्यात सांगतो.

सह्याद्री उतरणाऱ्या घाटवाटा चालण्याच्या हौसेसाठी पडलेल्या नाहीत. गोव्याच्या मिठागरांचं मीठ आणि नारळ बैलांच्या तांड्यांनी वर नंदगड, खानापूर, बेळगावच्या पेठांना जायचं आणि धान्य खाली यायचं. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारानंतर गोव्याच्या मिठावर इंग्रजांचं नियंत्रण आलं. त्याच करारातून निघालेला मुरगाव ते कॅसलरॉक रेल्वेमार्ग १८८० च्या दशकात पुरा झाला. तांड्यांचं काम संपलं, वाटा मात्र गावकऱ्यांच्या पायाखाली राहिल्या. १९५५ मध्ये गोवामुक्तीसाठीचे सत्याग्रही याच सीमेवरून आत शिरले, नाकेबंदीत रेल्वे बंद पडली आणि मुक्तीनंतर ती पुन्हा धावू लागली.

मुक्तीनंतरची पहिली अभयारण्यं १९६८-६९ मध्येच जाहीर झाली : खोतीगाव, मोले, बोंडला. पण सत्तरी तालुक्याचा बहुतेक डोंगरपट्टा आणि सांगे तालुक्यातलं नेत्रावळीचं रान तेव्हा त्यांच्या बाहेर होतं. त्या काळी सकाळच्या पहिल्या बसने केरीला किंवा वाळपईला उतरायचं, एखाद्या घरी चौकशी करायची आणि काजूच्या बागायतीत जाणारा कुणी सोबतीला घेऊन वाघेरीचा डोंगर चढायचा, एवढी साधी योजना पुरत असे. परवानगी लागायची ती गावाची. केरीतली आजोबाची राय किंवा नानोड्यातली निरंकाराची राय अशा देवराईत शिरताना चपला बाहेर काढायच्या आणि फांदीला हात लावायचा नाही, हे पाहुण्यालाही आपसूक कळायचं.

हे चित्र १९९९ मध्ये बदललं. राज्यात राष्ट्रपती राजवट होती. त्या थोड्या महिन्यांत राज्यपालांनी सत्तरीत म्हादई आणि सांग्यात नेत्रावळी ही दोन अभयारण्यं जाहीर केली, पहिलं सुमारे २०८ चौरस किलोमीटरचं आणि दुसरं २११. लोकनियुक्त सरकार असतं तर हा निर्णय झाला असता असं मला वाटत नाही, कारण या पट्ट्यात खाणींचे परवाने होते. सत्तरीत विरोध झाला. जमिनीचे हक्क कागदावर आलेले नव्हते, काजूच्या बागायती अभयारण्याच्या रेषेत गेल्या आणि आपल्याच घरातून आपल्याला काढतील ही भीती बसली. ती भीती आजही गेलेली नाही. आज राज्याच्या ३७०२ चौरस किलोमीटरपैकी साधारण पाचवा भाग अभयारण्यांत आणि राष्ट्रीय उद्यानात आहे. गोव्यातल्या चालण्याजोग्या डोंगरवाटा जवळजवळ सगळ्या त्याच पाचव्या भागात येतात.

म्हादईचं खोरं खाणींपासून वाचलं ते या निर्णयामुळे, आणि त्याबद्दल मनात शंका नाही. पण चालणाऱ्यांच्या वाट्याला त्यातून एक कायदेशीर पेच आला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याचं कलम २७ सांगतं की अभयारण्यात परवान्याशिवाय कुणी शिरायचं नाही. अपवाद मोजके : कामावरचा सरकारी नोकर, आत राहायची मुभा असलेले, आत जमीन असलेले, त्यांच्यावर अवलंबून असलेले आणि सार्वजनिक रस्त्याने आरपार जाणारे. परवाना मिळतो कलम २८ खाली, वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, संशोधन, पर्यटन किंवा आत राहणाऱ्याशी रीतसर काम असेल तर. पदभ्रमण हा शब्द तिथे नाही. त्यामुळे डोंगर चढायला आलेल्या गटाची गणती पर्यटकांत होते आणि पर्यटकांसाठी जे नियम, दर आणि बंदी, ते सगळं त्याला लागू होतं.

गावकऱ्याची गोष्ट याहून अवघड. त्याच्या आजोबांच्या वहिवाटीची पायवाट कागदावर सार्वजनिक रस्ता नसते. तो त्या वाटेने जाऊ शकतो, कारण त्याची जमीन आत आहे. त्याच्यामागून जाणारा पाहुणा जाऊ शकत नाही.

घाटमाथ्याकडे जाणाऱ्या वाटांवर दुसरी अडचण आली. २०११ मध्ये कर्नाटकाने भीमगड अभयारण्य जाहीर केलं. दक्षिणेला दांडेली-अणशीचा व्याघ्र प्रकल्प होताच, ज्याचं नाव पुढे ‘काळी व्याघ्र प्रकल्प’ झालं. म्हणजे सत्तरीतून किंवा नेत्रावळीतून निघून जुन्या घाटवाटेने वर जायचं तर दोन राज्यांच्या दोन वनखात्यांचे दोन कागद हवेत, आणि ते एकाच तारखेचे हवेत. शनिवार-रविवारच्या बेताला हे झेपत नाही. म्हणून आठवड्याच्या शेवटी पाठीवर सॅक टाकून निघणारा गोव्यातला मराठी माणूस आंबोली, पारगड, मनोहर-मनसंतोषगड, रांगणा असा उत्तरेला जातो. तिथे किल्ले आहेत, गावात मुक्कामाची सोय होते आणि रात्रीचा प्रश्न सुटतो. तिळारीचं राखीव संवर्धन क्षेत्र २०२० मध्ये झाल्यापासून दोडामार्गच्या बाजूलाही विचारपूस वाढली आहे.

गोव्यातली चाल त्यामुळे एका दिवसाची राहिली, आणि एका दिवसात गर्दीला हवा असतो धबधबा. इथे दूधसागरची गोष्ट येते. कॅसलरॉक ते कुळें हा २६ किलोमीटरचा घाट, चढ ३७ ला १. रुळांच्या कडेने चालत जाणं ही कित्येक वर्षांची पावसाळी रीत होती, कारण जीपची वाट पावसात बंद असते. मग २०१३ मध्ये एका हिंदी चित्रपटात धबधब्यासमोर थांबलेली गाडी दिसली आणि पुढच्या पावसाळ्यांत कुळें स्टेशन ओसंडू लागलं. रेल्वे कायद्याचं कलम १४७ आधीपासून होतंच. रुळांवर विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याची आठवण आता दर जुलैत करून दिली जाऊ लागली.

२०२३ चा जुलै मात्र वेगळा ठरला, आणि त्याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे. रविवार ९ जुलैला नेत्रावळीतल्या मैनापी धबधब्यात दोघे बुडाले. पाठोपाठ वनखात्याने अभयारण्यांतल्या धबधब्यांवर जायला सरसकट बंदी केली. पुढच्याच रविवारी दूधसागरकडे निघालेल्या शेकडो लोकांना रेल्वे पोलिसांनी अडवलं. काहींना रुळांच्या कडेला उठाबशा काढायला लावल्या आणि ती चित्रफीत देशभर फिरली. जिल्हा प्रशासनाचे, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खालचे आदेश वेगळे होतेच. नदी, चिरेखाणी, धबधबे, तळी यांत पोहायला मनाई, असा आदेश पावसाळ्यात निघतो. नंतर काही धबधबे अटींवर खुले झाले, पण आता दर जूनमध्ये प्रत्येक गट आधी हाच प्रश्न विचारतो की यंदा काय काय बंद आहे.

बंदीमागचं कारण खोटं नव्हतं. मैनापीला जाणारी वाट रानातून जाते आणि व्हाळ, म्हणजे ओढे, ओलांडत राहते. खाली ऊन असतं, वर माथ्यावर पाऊस कोसळत असतो. व्हाळाचं पाणी आधी गढूळ होतं, पानं-काटक्या वाहून येऊ लागतात, आणि मग बघता बघता गुडघ्याचं पाणी कमरेला लागतं. धबधब्याखालच्या कोंडीत, म्हणजे डोहात, वरून पडणारं पाणी माणसाला तळाशी दाबून धरतं, कडेचे खडक शेवाळलेले असतात आणि धरायला काही नसतं. पोहता येणाराही तिथे टिकत नाही. वनरक्षक थोडे, मोबाईलला रेंज नाही, आणि वाळपई किंवा सांग्याहून अग्निशमन दल पोचेपर्यंत तास-दीड तास जातो. ज्या अधिकाऱ्याने तो कागद काढला त्याच्यापुढे हे सगळं होतं.

माझा आक्षेप कागदाच्या आखणीवर आहे. कोंडीत उतरणारा आणि वाटेने चालणारा यांत त्याने फरक केला नाही. धोका पाण्यात होता, बंद झाली वाट. पाण्यापासून किती अंतरावर थांबायचं, कोंडीत उतरायला मनाई, गटाला गाईडची सक्ती, माथ्यावर पाऊस असेल तर परत फिरण्याचा अधिकार त्या गाईडला, असे नियम करता आले असते. बोंडल्यात आणि खोतीगावात आखलेल्या वाटा आहेत, फाटकावर नोंदवही आहे. ती पद्धत नेत्रावळीत न्यायला कायद्याची आडकाठी नव्हती.

आणि फटका बसला तो नेमका शिस्तीतल्यांना. यादी, फोन नंबर, वेळापत्रक घेऊन येणारा गट फाटकावर थांबवता येतो. मोटारसायकलवरून येऊन रस्त्याकडेच्या व्हाळात उतरणारी चार पोरं थांबवता येत नाहीत. चोर्ला घाटात पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी बघावं, गाड्यांच्या दुतर्फा रांगा असतात. नेत्रावळीतल्याच सावरी धबधब्याच्या आणि मैनापीच्या वाटा दाखवणाऱ्या गावच्या मुलांसाठी जून ते सप्टेंबर हाच कमाईचा काळ. शहरातल्या गटाचा एक रविवार हुकला तर तो पुढचा धरतो. त्या मुलांचा हंगामच जातो.

पावसाळा असा अडला म्हणून चाल कोरड्या दिवसांत ढकलावी, तर तिथे वेगळ्या अडचणी आहेत. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडू लागले. हा आजार गोचिडांमुळे पसरतो आणि त्याचा जोर डिसेंबर ते मे असतो, म्हणजे चालण्याच्या ऐन मोसमात. पाल्यापाचोळ्यात बसायचं नाही, अंगभर कपडे घालायचे, घरी गेल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून कपडे धुवायला टाकायचे, हे सगळं आता बेताच्या सूचनांत लिहिलं जातं. मेलेलं माकड दिसलं तर त्या वाटेने पुढे न जाता गावातल्या आरोग्य केंद्राला कळवायचं. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या. त्या आगींनंतर रानात शिरणाऱ्या प्रत्येकाकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं.

या सगळ्यात एक चांगली गोष्ट घडली, तिची नोंद हवी. २०२० मध्ये मोलेतून रेल्वेचं दुपदरीकरण, महामार्गाचं रुंदीकरण आणि उच्च दाबाची वीजवाहिनी असे तीन प्रकल्प एकदम पुढे आले. विरोधात उतरलेल्यांत शहरातली तरुण मुलं मोठ्या संख्येने होती. त्यातल्या अनेकांनी मोलेचं रान पहिल्यांदा पाहिलं ते त्याच काळात. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंजुरी रद्द केली. लोक रान पायाखाली घालतात म्हणूनच ते वाचवायला येतात, असं मला तेव्हापासून ठाम वाटतं, आणि वनखात्यानेही चालणाऱ्यांकडे तसं पाहावं.

पुढचा निर्णय त्याहून मोठा आहे. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्या गोळावलीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. २४ जुलै २०२३ ला, म्हणजे धबधब्यांवरची बंदी ताजी असतानाच, उच्च न्यायालयाने म्हादई आणि लगतची अभयारण्यं मिळून व्याघ्र प्रकल्प तीन महिन्यांत अधिसूचित करायला सांगितलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. व्याघ्र प्रकल्प झाला तर रानाचे गाभा आणि बफर असे दोन भाग पडतील. बफरमध्ये वाटा चालू राहू शकतात. गाभ्यात माणसाचा वावर कमीत कमी ठेवायचा असतो. वाघेरी, सावरी, मैनापी कुठल्या बाजूला पडतात, यावर पुढच्या पिढीचे रविवार ठरतील.

त्याच निकालात आणखी एक आदेश आहे, ज्याची चर्चा गटांमध्ये फारशी होत नाही. अनुसूचित जमाती आणि रानात राहणाऱ्या इतर कुटुंबांचे हक्क बारा महिन्यांत ठरवून द्यावेत, असा तो आदेश. १९९९ पासून लोंबकळत असलेलं हेच काम. वन्यजीव कायद्याच्या कलम २४ प्रमाणे जिल्हाधिकारी अभयारण्यातला एखादा हक्क, मुख्य वन्यजीव रक्षकाच्या सल्ल्याने, पुढे चालू ठेवू शकतात. जमिनीबरोबर वहिवाटीच्या वाटाही त्या दाव्यांत मांडता येतात. सत्तरी आणि सांग्यातल्या गावांनी त्या मांडल्या आणि त्यांची नोंद झाली, तर गावाबरोबर चालायला येणाऱ्या पाहुण्याची वाट निदान कागदावर अस्तित्वात येईल. त्यासाठी जुन्या वाटा कुठून कुठे जात होत्या हे सांगणारी माणसं हवीत, आणि ती आता वयाच्या सत्तर-पंच्याहत्तरीच्या पुढे गेली आहेत.