वाफसा, ओलं बोट आणि एक आकडा

जुलैत रोप लावणी सुरू झाली की बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या मामांना फोन करून उपयोग नसतो. गेल्या वर्षी मी तीनदा केला. रात्री त्यांचाच उलटा फोन आला. "वाजला की रे तीनदा. बोट ओढलो, परत ओढलो, उचलायलाच येईना. तुमचा हा टच का काय, पावसात चालत नाही बघ."

त्याच वर्षी नोव्हेंबरात माझ्या विद्यार्थ्यांनी मामांच्या शेतात मातीचा ओलावा मोजणारा सेन्सर पुरला होता. भात निघालं होतं, मसूर टाकलेली होती. आठ दिवसांत सेन्सर सांगू लागला की जमीन ठणठणीत कोरडी आहे. पोरांनी काळजीनं मामांना कळवलं. मामांनी सेन्सरपासून हातभर अंतरावर खुरपं घातलं, खालून ढेकूळ काढलं, मुठीत दाबलं आणि त्याचा लाडू माझ्या तळहातावर ठेवला. थंडगार, ओला. "कोरडी कुठं हाय?"

जुलैत ओल्या बोटानं चकवलं, नोव्हेंबरात ओल्या जमिनीनं. दोन्हीकडे यंत्राचं काम एकच होतं, आणि दोन्हीकडे ते त्यानं बिनचूक केलं होतं.

फोनची काच आणि मातीतल्या सेन्सरची ती हिरवी पट्टी, दोन्ही मोजतात ती विद्युत धारिता, म्हणजे कपॅसिटन्स. धातूचे दोन पत्रे जवळजवळ ठेवले आणि त्यांना व्होल्टेज दिलं की त्यांच्यावर थोडा विद्युतभार साठतो. किती साठेल, हे मधे काय भरलंय त्यावर ठरतं. हवा असेल तर साठवण वाढवण्याच्या त्या गुणधर्माचा आकडा १ धरतात. कोरड्या मातीतल्या खनिजांचा ३ ते ५. पाण्याचा साधारण ८०. म्हणजे मातीत जरा पाणी मुरलं तरी साठवण झपकन वाढते, आणि ओलावा मोजायची सगळी युक्ती या ८० वर उभी आहे.

पाण्यातच एवढं काय? पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित ऋण, दुसरं किंचित धन. देवळात आरतीचं ताट फिरलं की हात जसे आपोआप तिकडे वळतात, तसे हे रेणू विद्युतक्षेत्राकडे वळतात. सेकंदाला कोट्यवधी वेळा दिशा बदलली तरी तेवढ्याच वेळा वळतात. पण गर्दीत भिंतीला चिकटून उभ्या असलेल्याला वळायला जागा नसते. चिकणमातीच्या कणाला घट्ट धरून बसलेलं पाणी असंच असतं. ते मातीत असतं, पण सेन्सरच्या हिशोबात पुरतं धरलं जात नाही. मुळांनाही ते ओढून घेता येत नाही.

१९८० साली कॅनडातल्या टॉप, डेव्हिस आणि अ‍ॅनन या तिघांनी मातीचा हा विद्युत गुणधर्म आणि तिच्यातलं पाणी यांचं नातं एका समीकरणात मांडलं. बऱ्याच प्रकारच्या जमिनींना ते एकच समीकरण चालतं, म्हणून जगभर गाजलं. जड चिकणमातीत मात्र ते घसरतं. आणि बेळगावच्या भोवतीचं शिवार म्हणजे तीच जड काळी माती.

शिवाय ही माती वाळताना आकसते, तिला भेगा पडतात. आमच्या सेन्सरचं झालं ते एवढंच. पट्टी पुरली तिथं माती आधीच सैल झालेली, वाळताना नेमकी पट्टीला लागून चीर पडली. पट्टीच्या एका अंगाला ओली माती, दुसऱ्या अंगाला हवा. हवेचा आकडा १. अशा सेन्सरची नजर पट्टीपासून जेमतेम एक-दोन सेंटिमीटरपर्यंत पोचते; त्याच्यापुढे चीर होती, त्यानं चीर मोजली. पुरताना माती पाण्यात कालवून, तिचा गारा पट्टीभोवती लिंपायला हवा होता. ती चूक माझी. मी पोरांना पट्टी नुसती खोचायला सांगितली होती.

या स्वस्त पट्टीची आणखी एक गंमत. आत बहुतेक वेळा ५५५ नावाची चिप असते. हान्स कॅमेन्झिंड या अभियंत्यानं १९७१ च्या सुमारास तिची रचना केली. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये तिचे डबे भरून आहेत. चिप पन्नास वर्षांची झाली तरी थकलेली नाही, पण पट्टीच्या कापलेल्या कडा उघड्या असतात आणि त्यांतून पाणी आत झिरपतं. महिन्याभरात आकडे भरकटतात. इलाज सोपा: कडांना नेलपॉलिशचे दोन-तीन हात. आमच्या प्रोजेक्टच्या खर्चाच्या यादीत ती बाटली पाहून ऑफिसातून विचारणा झाली होती, ते असो.

मामांना सगळ्यात खटकलं ते निराळंच. आमची पट्टी हवेत धरली की ५९० च्या आसपास आकडा दाखवते, पाण्याच्या तांब्यात बुडवली की २८० च्या आसपास. "पाणी वाढलं की आकडा कमी?" हो. पाण्यामुळे साठवण वाढते, भरायला वेळ जास्त लागतो, तेवढ्यात व्होल्टेज कमी चढतं, म्हणून आकडा उतरतो. त्याचे टक्के आपण आपल्या सोयीनं करतो. यंत्राला टक्के ठाऊक नाहीत आणि पाणीही ठाऊक नाही.

आता फोन. बोटाचा अंदाज घेणारा पडदा १९६५ मध्ये इंग्लंडमधल्या ई. ए. जॉन्सन यांनी मांडला, तो विमानवाहतूक नियंत्रणासाठी. आजच्या फोनच्या काचेखाली पारदर्शक वाहकाच्या आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते आणि प्रत्येक छेदावर एक इवलं साठवणघर. फोन सेकंदाला किमान साठेक वेळा सगळ्या छेदांवरून फेरी मारतो. बोट जवळ आलं की तिथलं थोडं विद्युतक्षेत्र बोटातून शरीरात निघून जातं आणि साठवण घटते. बोट म्हणजे तरी काय, कातडीच्या पिशवीतलं खारट पाणी. म्हणून वाळकी काडी टेकवली तर फोन ढिम्म, बोटाला मात्र लगेच ओ देतो.

मग पावसाचा थेंबही पाणीच. फरक असा, की बोटामागे अख्खा माणूस असतो आणि थेंबामागे कुणी नसतं. एकटा थेंब विद्युतक्षेत्र पळवून नेत नाही. उलट दोन रेघांमधला दुवा थोडा वाढवतो. साठवण घटली तर बोट, वाढली तर थेंब, एवढं चांगल्या फोनला कळतं. घोळ होतो तो थेंबावरच बोट ठेवल्यावर. चिखलपाण्यातला हात, काचेवर पाण्याचे ओघळ, ओघळ हाताला जोडलेले. फोनला बोटाऐवजी तळव्याएवढा डाग दिसतो, आणि तळवा चुकून टेकला असणार असं समजून तो गप्प बसतो. मामांनी काच कोरड्या बनियनला पुसली असती तर काम झालं असतं. पण भर लावणीत कोरडं बनियन आणायचं कुठून, हा प्रश्न रास्तच.

याच मोजणीतून संशोधकांनी नवी वाटही काढली. २०१२ मध्ये डिस्ने कंपनीच्या संशोधकांनी 'टूशे' नावाचं तंत्र दाखवलं. एकाच कंपनसंख्येऐवजी (फ्रिक्वेन्सीऐवजी) अनेक कंपनसंख्यांवर मोजलं तर नुसता स्पर्श झाला एवढंच नाही, तो कसा झाला तेही ओळखता येतं: दाराची मूठ एका बोटानं धरली की पंजानं, पाण्याच्या भांड्यात बोटाचं टोक बुडलं की अख्खा हात. एका कंपनसंख्येवर जे दोन प्रकार सारखे दिसतात, ते अनेक कंपनसंख्यांवर वेगळे पडतात. काही औद्योगिक रोबोंच्या हातांवर याच तत्त्वाची 'कातडी' चढवतात. माणूस टेकण्याआधीच रोबो थांबतो.

आपल्या खिशाशी थेट संबंध मात्र बाजारात धान्याचा ओलावा मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरचा. त्यांतले पुष्कळसे याच तत्त्वावर चालतात. सरकारी खरेदीत भाताला १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, आणि तो आकडा सांगणारं यंत्रही बहुधा साठवणच मोजतं. भाताऐवजी मक्याचं सेटिंग राहिलं, दाणे सैल भरले किंवा उन्हातून आणून गरम असतानाच घातले, तर आकडा हलतो. म्हणून मीटरवर कोणतं पीक निवडलंय ते वाकून बघावं आणि दोन-तीनदा मोजायला सांगावं. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं कुणाला काही नाही.

राहिला वाफसा, म्हणजे जमीन पेरणी-मशागतीला नेमकी योग्य होते ती अवस्था. मामांच्या तोंडी तो दिवसातून दहादा येतो आणि आमच्या कोणत्याही पट्टीवर तो छापलेला नाही. काळ्या रानात शेकडा वीस-पंचवीस भाग पाणी असूनही रोप मान टाकू शकतं. वाळूसर जमिनीत तेवढंच पाणी भरपूर होतं. वाफशात पाण्याबरोबर मातीतली हवा येते, ढेकूळ फुटण्याची तऱ्हा येते. मुठीतला लाडू बोटानं टिचकी मारली की फुटतो, हाताला चिकटत नाही, तो वाफसा.

यंदा पोरांनी तीन पट्ट्या पुरल्यात, १०, २० आणि ३० सेंटिमीटरवर, गारा लिंपून, कडांना नेलपॉलिश लावून. बांधावरच्या झोपडीत शंभर पानी वही टांगली आहे. मामा सकाळी ढेकूळ दाबतात आणि 'चिखल', 'वाफसा', 'वाळली' यांतला एक शब्द लिहितात. शेजारी त्या वेळचे तीन आकडे. गेल्या आठवड्यात एका पानावर त्यांनी चौथाच शब्द लिहिला: 'उद्या'. पोरं विचारतायत, याला कोणत्या खान्यात घालायचं.