विकिपीडियाची विश्वासार्हता आणि कल

कोणालाही लिहिता-खोडता येणाऱ्या ज्ञानकोशावर कितपत विसंबावे, हा प्रश्न १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजी विकिपीडिया सुरू झाला तेव्हापासूनचा आहे. मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते. विकिपीडियात तिथे ‘इतिहास’ ही कळ असते. कोणता बदल कोणत्या सदस्याने केव्हा केला ते तीत दिसते, आणि त्यावरचे भांडण चर्चा पानावर वाचता येते. भरवसा ठेवायचा तो संदर्भांवर आणि पानावर लक्ष ठेवणाऱ्यांवर.

२००५ साली ‘नेचर’ नियतकालिकाने ४२ विज्ञाननोंदी तज्ज्ञांकडून तपासून घेतल्या. विकिपीडियात नोंदीमागे सरासरी चार चुका निघाल्या, ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ या जुन्या छापील इंग्रजी ज्ञानकोशात तीन. ब्रिटानिकाने या तपासणीच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला. हे आकडे आजही दिले जातात, पण ते इंग्रजीतल्या विज्ञाननोंदींपुरते होते. इतिहास, धर्म, सीमावाद यांना ते लावता येत नाहीत.

त्याच वर्षी अमेरिकन पत्रकार जॉन सीगनथेलर यांच्या नोंदीत त्यांचा केनेडी बंधूंच्या हत्येशी संबंध जोडणारा खोडसाळ मजकूर कोणीतरी घातला. तो सुमारे चार महिने तसाच राहिला. वर्दळीच्या पानावरचा उत्पात सांगकामे, म्हणजे स्वयंचलित खाती, आणि गस्तीवरचे सदस्य काही मिनिटांत पुसतात. आडबाजूच्या पानावर गंभीर सुरात लिहिलेले खोटे मात्र पचते. २००८ साली एका विद्यार्थ्याने कोआटी या प्राण्याला गंमत म्हणून ‘ब्राझीलियन आर्डव्हार्क’ असे नाव दिले. वृत्तपत्रांनी ते उचलले आणि पुढे त्याच बातम्या त्या नावाला संदर्भ म्हणून लावल्या गेल्या.

लहान भाषांत अशी आडबाजूची पानेच जास्त. स्कॉट्स, म्हणजे स्कॉटलंडमधल्या एका भाषेच्या, विकिपीडियातले हजारो लेख ती भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन मुलाने लिहिले होते. हे २०२० साली उघड झाले, तोवर वर्षानुवर्षे कोणी हटकले नव्हते. तो निदान हेतूने निर्मळ होता. क्रोएशियन विकिपीडियाची गोष्ट वेगळी. तिथे अतिउजव्या विचारांच्या मोजक्या प्रचालकांनी, म्हणजे पाने पुसण्याचे आणि सदस्यांना रोखण्याचे अधिकार असलेल्या सदस्यांनी, कारभार हाती घेतला, विरोध करणाऱ्यांना बाहेर ठेवले आणि दुसऱ्या महायुद्धातील यासेनोवात्स छळछावणीची भीषणता सौम्य करून मांडली. २०१३ साली क्रोएशियाच्या शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना तो वापरू नका असे सांगितले. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनचा यावरचा अहवाल २०२१ साली आला, म्हणजे बराच उशिरा. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. रोज लिहिणारे हात तिथेही थोडेच आहेत, तेव्हा चावडीवरची, म्हणजे सदस्यांच्या सामायिक चर्चापानावरची, शांतता म्हणजे सहमतीच, असे धरून चालता येत नाही.

दुसरा कल नियमातच दडलेला आहे. मजकुराला प्रकाशित आधार हवा, या अटीमुळे थापा रोखल्या जातात. पण ज्यांच्याविषयी छापूनच कमी येते ते आपोआप मागे पडतात. कॅनडाच्या भौतिकशास्त्रज्ञ डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरील कच्चा लेख मे २०१८ मध्ये पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून नाकारला गेला. ऑक्टोबरात त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले. मौखिक ज्ञानाची अडचण याहून मोठी. केरळात मुले ‘डब्बा कळी’ खेळतात, हे खेळणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक, पण ग्रंथात शोधायला गेले तर आधार मिळत नाही. भारतीय लेखक आणि संशोधक अचल प्रभला यांनी २०११ साली भारतात आणि दक्षिण आफ्रिकेत जाणत्या माणसांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून त्याच संदर्भ म्हणून जोडून पाहिल्या. इंग्रजी विकिपीडियाने ही वाट स्वीकारली नाही.