प्रोटीनची रचना आणि ‘वेट’चा आकडा

कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या भागात लायसोझाइम नावाचं प्रोटीन असतं. 129 अमिनो आम्लं, हायड्रोजन सोडले तर सुमारे 1000 अणू. प्रत्येक अणूचे तीन स्थानांक आणि त्याची थरथर सांगणारा एक आकडा धरला, तर स्फटिकावर क्ष-किरण सोडून उमटणाऱ्या ठिपक्यांवरून 4000 आकडे शोधायचे असतात. त्याच्या नेहमीच्या चौकोनी स्फटिकाने 2 अँगस्ट्रॉमपर्यंतचा बारकावा दाखवला (अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग), तर सुमारे 8000 वेगवेगळे ठिपके मोजता येतात. 3 अँगस्ट्रॉमलाच अडकलं, तर जेमतेम अडीच हजार. म्हणजे शोधायचं जास्त आणि पुरावा कमी.

ही तूट रसायनशास्त्र भरून काढतं. दोन अमिनो आम्लांना जोडणाऱ्या पेप्टाइड बंधात कार्बन-नायट्रोजन अंतर 1.33 अँगस्ट्रॉमच्या जवळपास असतं आणि तो भाग सपाट असतो, हे लहान रेणूंवरून पक्कं माहीत आहे. एंग आणि ह्यूबर यांनी 1991 मध्ये अशा अंतरांची आणि कोनांची कोष्टकं मांडली. या अपेक्षा म्हणजेच ‘रिस्ट्रेंट’. अणू थोडे हलवत सॉफ्टवेअर दोन गोष्टींची बेरीज कमी करत जातं: मोजलेल्या ठिपक्यांशी असलेली तफावत आणि रिस्ट्रेंटशी असलेली तफावत. दोन्हींत कोणाचं किती ऐकायचं, ते ‘वेट’ ठरवतं.

वेट ठिपक्यांच्या बाजूला झुकवलं की आर-फॅक्टर, म्हणजे ठिपक्यांशी असलेल्या तफावतीची टक्केवारी, झपाट्याने उतरतो आणि नवख्याला आनंद होतो. तो आनंद बहुतेकदा खोटा असतो. तेव्हा अणू मोजमापातल्या चुकांमागेही धावत असतात, तो 1.33 चा बंध कुठे 1.28, कुठे 1.40 होतो. उलट रिस्ट्रेंट फार आवळले, तर एखाद्या ठिकाणी प्रोटीन खरोखरच वाकडं असेल ते दिसतच नाही.

मग पारख कशी करायची? करवीरच्या गुऱ्हाळात गुळव्या काहिलीतला थोडा पाक थंड पाण्यात टाकून गोळी होते का बघतो. रस दरवेळी वेगळा, त्यामुळे घड्याळ लावून चालत नाही. इथेही प्रत्येक स्फटिकाचा डेटा वेगळा. म्हणून साधारण 5 टक्के ठिपके सुरुवातीलाच बाजूला काढतात, सॉफ्टवेअरला त्यांच्यावर बेतू देत नाहीत. त्यांच्यावरून काढलेला आर-फॅक्टर म्हणजे आर-फ्री. ही कल्पना ब्रुंगर यांनी 1992 मध्ये मांडली, आणि माझ्या मते या क्षेत्रातली ती सर्वांत प्रामाणिक कसोटी आहे. समजा वेट वाढवल्यावर आर 20 वरून 17 टक्क्यांवर आला, पण आर-फ्री 25 चा 26 झाला, तर मागे फिरायचं. सोबत बंधांचं अपेक्षित लांबीपासूनचं सरासरी विचलनही बघायचं. ते 0.02 अँगस्ट्रॉमच्या वर गेलं, तर रिस्ट्रेंट सैल पडलेत असं समजावं.

शिवाजी विद्यापीठातल्या एमएस्सीच्या विद्यार्थ्याला हे करून बघायला क्ष-किरणांचं यंत्र लागत नाही. 2008 पासून प्रोटीन डेटा बँकेत, म्हणजे प्रोटीनच्या रचनांच्या जागतिक संग्रहात, रचनेसोबत मूळ मोजमापंही द्यावीच लागतात, आणि ती सगळ्यांना फुकट आहेत. 3 अँगस्ट्रॉमच्या आसपासची एक नोंद घ्या. रेफमॅक या सॉफ्टवेअरमध्ये वेट आधी सैल, मग मधलं, मग घट्ट ठेवून तीनदा चालवा. दरवेळी आर, आर-फ्री आणि बंधांचं विचलन एका ओळीत लिहून ठेवा.